रिंगा टाकून राह्यले

काकासाहेबांनी जन्मभर केदारखेड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि 'रिंग' हा त्यांचा लाडका शब्द. फोन वाजतो ती रिंग, बोटात घालतात तीही रिंग, मोटरसायकल धूर ओकू लागली की मेकॅनिक बदलतो तीही रिंगच. अर्थ नेहमी आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखावा, असं ते बजावत. निवृत्तीनंतर हा धडा ऐकायला पत्नी उषाबाई एकट्याच उरल्या होत्या, आणि त्यांचा तो पाठ झाला होता.

लेक सुरेखाची आधीची दोन स्थळं सरांच्या जिभेनं घालवली होती. आता परतूरच्या भारतशी जमलं होतं आणि पोरीलाही मुलगा मनापासून आवडला होता. रविवारच्या साखरपुड्यापर्यंत कमी बोला, अशी उषाबाईंची सक्त ताकीद होती.

शुक्रवारी होणारे इवाई, भारतचे वडील भुजंगराव, यांचा फोन आला. आवाज तुटत होता. "सर, रविवारचं पुढं ढकलू. रिंगा टाकून राह्यले, दोन."

मागच्या भेटीत भुजंगरावांनी नव्या विहिरीचं कौतुक जेवण होईपर्यंत ऐकवलं होतं. म्हणजे विहीर बांधायच्या सिमेंटच्या रिंगा! पोरीच्या साखरपुड्यापेक्षा विहीर मोठी! काकासाहेबांचं डोकं तापलं, पण ताकीद आठवली. गोडच बोलायचं त्यांनी ठरवलं आणि तिथंच घात झाला.

"दोनानं काय व्हतंय? चांगल्या दहा-बारा टाका," ते म्हणाले. "आधी गाळ उपसून घ्या. आमच्या गावात एक जण सिमेंटच्या मजबूत बनवतो."

पलीकडे फोन भारतनं घेतला. मग भारत हळूच बोलला, "मामा, बाबाच्या हार्टमधी रिंगा टाकून राह्यले. आता आत नेतेत." फोन बंद झाला.

उषाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी साखरपुड्यासाठी काढलेली साडी परत कपाटात ठेवली. सुरेखा उठून आत गेली. इंग्रजी शिकवण्यापेक्षा शेळ्या वळल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकासाहेबांना मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते नवीन जालन्याच्या दवाखान्यात गेले. माफी वाटभर घोकली होती. त्यांना पाहताच भुजंगरावांनी तोंडावर चादर ओढली. खांदे गदगदत होते. इवाई रडतायत असं वाटून काकासाहेब दारातच थबकले.

चादर खाली आली. भुजंगराव हसत होते. "सर, भिऊन जीव चालल्ता माझा. तुमचं सिमेंट ऐकलं अन् मंग हसतच आत गेलो. साखरपुडा बिलकुल व्हईल, मला जरा उठू द्या."

काकासाहेबांचे डोळे भरून आले. घोकलेलं एक वाक्यही आठवेना. ते इवायाचा हात धरून नुसतेच बसून राहिले.

निघताना भुजंगराव म्हणाले, "घरी पोचले की रिंग द्या."

काकासाहेब दारापर्यंत गेले, घुटमळले आणि परत आले.

"कोणती?" त्यांनी विचारलं.