बाप उठेना

"ऊठ ना, ऊठ," बन्सी कागदाकडे बघत पुटपुटला.

गोष्टीतला बाप उठेना. त्याच्या डोळ्यांदेखत जावयाने लेकीचे, भागीचे, केस मुठीत धरले होते, तिचं डोकं चौकटीवर आपटलं होतं. भिंतीवर रक्त उडालं होतं. यातलं काहीच बन्सीने ठरवलं नव्हतं. त्याच्या मनातला जावई हात जोडून येणार होता, भागी डोळे पुसून नांदायला जाणार होती आणि गोष्ट दिवाळी अंकाला जाणार होती.

तारापूरच्या कारखान्यात पंप दुरुस्त करता करता बन्सीने कितीतरी गोष्टी लिहिल्या होत्या. आजवर एकही पात्र त्याच्या शब्दाबाहेर गेलं नव्हतं. त्याने ओळ लिहिली : बाप उठला. उठला खरा, पण जावयाकडे गेलाच नाही. दाराकडे गेला. 'शेजारी ऐकतील,' म्हणत त्याने आतून कडी लावली. भागी ओरडत राहिली.

बन्सीने ते खोडलं, पुन्हा लिहिलं. याही वेळी बापाने कडीच लावली. बन्सीला घाम फुटला. असला भेकड माणूस आपण कुठून आणला?

"आवरा की आता," त्याची बायको गोजराबाई आतून म्हणाली. "जावई यायलेत. पोरीची बॅग भरून ठिवलीय म्या."

त्यांची लेक मोनाली माकुणसारच्या सासरहून बोईसरला माहेरी आली, तेव्हा तिचा डावा कान फाटलेला होता. तरी तिला परत धाडायचं बन्सीनेच ठरवलं होतं. जावयाने, रूपेशने, पुन्हा हात न उचलण्याची फोनवर शपथ घेतली होती. "पुरुषाचा राग, येतो तसा जातो," असं बन्सीने लेकीला समजावलं होतं.

संध्याकाळी रूपेश आला. चहा प्यायला. "मामा, आता आमच्याकडून चूक होणार नाय," म्हणाला.

मोनाली बॅगेला हातच लावेना. "मी येत नाय," ती म्हणाली. "बाबा, मला नका पाठवू."

रूपेशने कप खाली ठेवला, उठला आणि फाटलेल्या कानावरच हाणली. ती ओट्यावर आदळून खाली पडली. त्याने पोटात लाथ घातली.

"नवऱ्याला नाय म्हणते? आज जित्ती ठेवत नाय तुला!"

बन्सी उठला. त्याचे पाय दाराकडे गेले. हात कडीवर पडला, आणि गोष्टीतला तो माणूस कुठून आला होता, ते त्याला तिथे कळलं.

त्याने दार सताड उघडलं. "धावा! माझ्या पोरीला मारतोय!" तो गॅलरीत जिवाच्या आकांताने ओरडला आणि वळून रूपेशच्या अंगावर गेला.

बन्सी जन्मात कुणाशी मारामारी केलेला माणूस नव्हता. पहिल्याच बुक्कीत त्याचा ओठ फाटला, दात तुटला. तो पडला आणि पडल्या पडल्या त्याने रूपेशच्या दोन्ही पायांना मिठी घातली. रूपेशने स्टूल उचललं. पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर घातलं. गोजराबाई "मेल्या, मरतील ते!" म्हणत त्याच्या मनगटावर लाटणं हाणत होती. बन्सीचे डोळे रक्ताने भरले, मिठी सुटली नाही. शेजारचा कैलास चारजणांना घेऊन आला आणि त्यांनी रूपेशला जमिनीवर दाबून धरलं, तेव्हाही ती सुटेना.

"सोडा, बाबा," मोनाली त्याच्या कानाशी म्हणाली. "धरलाय त्याला. सोडा आता."

दवाखान्यात डॉक्टरांनी ओठाला टाके घातले. "कसं लागलं?" त्यांनी विचारलं.

"जिन्यावरून पडले," गोजराबाईच्या तोंडून निघून गेलं.

बन्सीला बोलता येत नव्हतं. त्याने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

मोनाली पुढे आली. "माझ्या नवऱ्याने मारलं. मलापण मारलंय. तसंच लिहा."

"मग पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा."

ती स्टुलावर बसली, कानावरचे केस मागे सारले आणि तोंड उजेडाकडे केलं.