दारफाळणीचा सण

आयझॅकने लोखंडी दार आतून ओढून घेतलं, पण मुठीवरचा हात काही काढला नाही.

"लावलंत?" बाहेरून रूतने विचारलं.

"लावलं."

"कडी?"

थोड्या वेळाने कडी पडल्याचा आवाज आला. बाहेर पायरीवर बसलेली त्याची बायको पुन्हा परातीतल्या शेंगांचे दोरे काढू लागली.

"आता बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"उद्या डब्याला काय करू ते सांगा."

"रूत, माझा इथे जीव चाललाय."

"जाऊ दे. जायच्या आधी डब्याचं तेवढं सांगून जा."

आतून हसू आणि हुंदका यांच्या मधला काहीतरी आवाज आला. शेजारी खेळणाऱ्या त्यांच्या मुलीने, तोवाने, दाराकडे बघून हिब्रूत विचारलं, "इमा, अब्बा तिथे काय करतो?"

"तालीम," रूत मराठीत म्हणाली.

आयझॅक बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. कालच्यापेक्षा तो जास्त टिकला होता. पण नजर लागेल म्हणून की काय, दोघांपैकी कुणीच तसं बोललं नाही. "भेंडी कर," एवढंच तो म्हणाला.

ही खोली म्हणजे वस्तीचा मिक्लात, बाँबहल्ल्यात लपायची जागा. जाड भिंती, छताजवळ एक झरोका. कोकणातून इस्राएलात येऊन लोद गावी राहिलेल्या बेने इस्राएल मंडळींना स्वतःचं सिनेगॉग बांधून होईपर्यंत हीच जागा मिळाली होती. किप्पूरचा, वर्षभराच्या पापांची माफी मागायचा उपास, ज्याला घरातली जुनी माणसं अजून दारफाळणीचा सण म्हणत, तोही इथेच व्हायचा. कोकणात त्या दिवशी घराची दारं लावून घेत. गावाला ठाऊक असे, आज त्यांना हाक मारायची नाही. इथे हाक मारणारं कुणी नव्हतं, तरी संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेला, नेइलाला, हे लोखंडी दार लावलं जाई.

गेल्या वर्षी दार लागलं आणि आयझॅकची छाती आवळली. हात बधिर झाले. आपण आता, याच क्षणी मरणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका उरली नाही. बाबा पुढे उभे राहून प्रार्थना म्हणत असताना तो माणसांना ढकलत बाहेर पळाला होता. लोक म्हणाले, उपास सोसला नाही. कुणी साखरपाणी पाजलं. बाबांनी मागे वळूनही न बघता प्रार्थना पुरी केली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

उपासाचा काही संबंध नव्हता. हे कारखान्याच्या लिफ्टमध्ये व्हायचं, तेल अवीवच्या बसमध्ये व्हायचं, एकदा तर गळ्याभोवती न्हाव्याचं फडकं असताना झालं आणि अर्धे केस कापलेला आयझॅक घरी आला. दवाखान्यातल्या डॉक्टरने छाती तपासून सांगितलं, हृदय घोड्याचं आहे, नसांच्या डॉक्टरकडे जा. ती चिठ्ठी विजारीच्या खिशात राहिली आणि विजारीबरोबर धुतली गेली. आयझॅकला वाईट वाटलं नाही. तो वेड्यांच्या डॉक्टरकडे गेला हे कळलं असतं तर लोदपासून रामल्यापर्यंत त्याच्या नावावाचून कुणाला चहा गोड लागला नसता.

पण यंदा गोष्ट निराळी होती. त्याचे वडील, पिन्हास, तरुणपणी अलिबागेत आणि आता इथे, नेइलाची प्रार्थना पुढे उभे राहून तेच म्हणत आले होते. ताठ माणूस. दार आणि बाबा एकाच कारखान्यात घडले असावेत असं आयझॅकला लहानपणापासून वाटे. नव्याच्या सणाला, म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवशी, त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"गुडघे आता दगा देतात. नेइलाला तू माझ्या उजवीकडे उभा राहा, हात धर. माझ्यामागे ती जागा तुझीच आहे. जमायचं नसेल तर आत्ताच सांग, नाथानला सांगतो."

नाथान हा चुलतभाऊ. त्याचा आवाजही बरा होता.

"बाबा, दार थोडं उघडं ठेवलं तर? गरम होतं आत."

"दार लागलंच पाहिजे."

"जमेल," आयझॅक म्हणाला. आणि त्याच संध्याकाळी त्याने मिक्लातची किल्ली मागून आणली.

तालमीत तो एक गोष्ट शिकला, तीही रूतकडून. "तुम्ही त्या भीतीशी भांडता," ती म्हणाली होती. "बिनबोलावलेली पाहुणी आहे ती. दारात अडवून भांडत बसलात की दिवसभर राहते. आत घ्या, बस म्हणा, आणि आपलं काम करत राहा. कंटाळून जाते की नाही बघा."

किप्पूरच्या आदल्या दिवशी उपासाआधीचं जेवण झालं तेव्हा पिन्हास सुनेला म्हणाले, "रुमाल? मोठा दे." आयझॅकची आई होती तोवर ती द्यायची, आता रूत देई. नेइलात त्यांना रडू येतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झरोक्यातला उजेड तांबूस झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, पडद्यामागे बायका उठल्या. हेखाल, धर्मग्रंथाचं कपाट, उघडलं. कुणीतरी दार लावलं आणि कडी पडली.

ती आली. आधी बोटांत, मग मानेत, मग खोलीतली सगळी हवा इतरांनी वापरून संपवल्यासारखी. आयझॅकने मागे पाहिलं. दारापर्यंत नुसती माणसंच माणसं. आलीस, तो मनात म्हणाला, बस. ती बसली नाही, छातीवर येरझारा घालू लागली. त्याने बाबांचं कोपर धरलं आणि पुढची ओळ वाचली. मग तिच्या पुढची. अक्षरं हलत होती, तरी वाचली. मरायचंच असेल तर या पानाच्या शेवटी मरू, असं त्याने ठरवलं आणि पान उलटलं. मग पुन्हा तसंच ठरवलं. मध्ये एकदा ती ओसरली, त्याला बरं वाटलं, तोच दुप्पट जोराने आली. त्याचे पाय दाराकडे वळले. त्याने ते उचलून पुन्हा जागेवर ठेवले, दुसऱ्याचे पाय असावेत तसे.

बाबांचा आवाज एका ठिकाणी फाटला. डाव्या मुठीत त्यांनी रुमाल घट्ट आवळला होता. मग तो आवाज पुन्हा लागला, आणि आयझॅकने त्यात आपला मिसळला.

उपास संपल्याचा शोफार, एडक्याचं शिंग, वाजला. मागे कडी निघाली, थंड वारा आत आला आणि लोक एकदम बोलू लागले. तो उभाच होता. त्याला रडावंसं वाटलं, आणि फार भूक लागली होती.

प्रार्थना संपली की वडीलधारा आपले हात पुढे करतो, दुसरा ते दोन्ही हातांत घेतो, आपली बोटं ओठांना लावतो आणि मग आपले हात पुढच्याला देतो. असे ते हात दारापर्यंत पोचतात. गेली काही वर्षं आयझॅक ही वेळ टाळायचा, नाहीतर आधी घामेजलेले तळवे विजारीला पुसायचा. आज तेवढी सवड मिळाली नाही. पिन्हासनी हात पुढे केले होते.

त्याने ते हातात घेतले. बर्फासारखे गार होते, घामाने निथळत होते, आणि आतून बारीक थरथरत होते. मुठीतला रुमाल पिळावा इतका ओला होता. आयझॅकने बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते कोरडे होते.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "तुम्हालापण?"

"दर साली."

"कुणाला ठाऊक आहे?"

"तुझ्या आईला होतं. म्हणून तर रुमाल द्यायची."

"मग दार कशाला लावायला सांगता?"

पिन्हासनी उघड्या दाराकडे पाहिलं. पायऱ्यांवर रूत काळ्या मनुकांच्या सरबताचे पेले भरत होती.

"उघडं असतं तर मी पहिल्याच साली पळालो असतो," ते म्हणाले.

मागे नाथान ताटकळत उभा होता. आयझॅक त्याच्याकडे वळला, आणि न पुसताच त्याने आपले दोन्ही हात पुढे केले.