सूर्याचा संपूर्ण संच

संतोषने पुस्तकाच्या शेवटाशी बोट घालून ते उजेडाकडे धरलं. शेवटचं पान आणि मागचं कव्हर यांच्यामध्ये कागदाची एक बोटभर पट्टी उभी होती. तिथलं पान ब्लेडने कापलेलं होतं, सरळ, फूटपट्टी लावून कापल्यासारखं. त्याने दुसरं पुस्तक उचललं. तिथेही पट्टी. तिसऱ्यालाही. मग त्याने ट्रंकेतली पुस्तकं भराभर उलटायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात हॉलच्या फरशीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"चहा इथे देऊ की तुझ्या त्या सूर्याच्या डोक्यावर ठेवू?" वेदिकाने दारातून विचारलं.

त्याने पुढचं पुस्तक उलटलं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी नवऱ्याचा चेहरा असा पडलेला तिने फार वेळा पाहिला नव्हता. कप टीव्हीजवळ ठेवून ती आत गेली.

'दर्यावर्दी सूर्या' ही मालिका संतोषच्या लहानपणीची. एकलहऱ्याच्या कॉलनीत, वडील वीज केंद्रात शिफ्टला गेले की तो पलंगाखाली शिरून ती वाचायचा. पुढे आईने सगळी पुस्तकं रद्दीत घातली आणि त्याबद्दल आयुष्यात कधी खंत केली नाही. संतोषने मात्र चाळिशी उलटल्यावर ती पुन्हा जमवायला घेतली. पुण्याच्या संग्राहकांच्या ग्रुपवर रात्रंदिवस फोटो यायचे, तरी सूर्याचा संपूर्ण संच कुणाकडेच नव्हता. छापखाना केव्हाच बंद पडला होता. आणि मग दोन आठवड्यांपूर्वी, सातपूरला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, मशीन शॉपमधला मुस्तकीम डबा उघडता उघडता म्हणाला होता, "सूर्या? आमच्या माळ्यावर ट्रंक भरून आहे ना. अब्बांची लायब्ररी होती भद्रकालीत."

संतोषच्या हातातली पोळी हातातच राहिली होती.

मुस्तकीमच्या घरचे अंबडला नव्या फ्लॅटमध्ये जाणार होते. माळ्याला वाळवी लागायला लागली होती. पुस्तकं रद्दीत जाऊ नयेत, एवढीच त्याची अट होती. पैशाचा विषय निघाला तेव्हा त्याने कानाला हात लावले. संतोषने ट्रंक रिक्षात घालून आणली, त्याच दिवशी सगळी कव्हरं ओळीने मांडून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सूर्या. संपूर्ण संच.' ग्रुप पार हलला होता. येत्या रविवारी पुण्याला सगळे भेटणार होते आणि संतोषने ट्रंक घेऊन यायचं कबूल केलं होतं.

पानं मात्र त्याने आज पहिल्यांदा उलटली होती.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटताच तो एक पुस्तक पिशवीत घालून भद्रकालीत पोहोचला. मुस्तकीमची आई, माजिदाचाची, जिन्यातच भेटल्या. संतोषने पुस्तक काढून कापलेली पट्टी दाखवली. त्यांनी घाईने त्याला जिन्याच्या कोपऱ्यात घेतलं.

"हळू बोला, भाऊ. ते जागे आहेत." मग पट्टीवर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "हे त्यांनीच कापलेलं. सगळ्या पुस्तकांचं. पोरं पुस्तक नेत आणि परतच आणत नसत. मग यांनी शेवटचं पान काढून डब्यात ठेवायला सुरुवात केली. पुस्तक आणून द्यायचं, इथं उभं राहून शेवट वाचायचा, पान परत डब्यात. त्यानंतर एक पुस्तक हरवलं नाही बघा."

संतोषच्या जिवात जीव आला. "म्हणजे पानं आहेत?"

"आहेत. पण ते देणार नाहीत." चाचींनी पदर सारखा केला. "पुस्तकं तुम्हाला दिली हे त्यांना माहीत नाही. मागच्या वर्षीपासून त्यांचं असंच झालंय, दुकान अजून चालू आहे असं वाटतं त्यांना. माळा रिकामा दिसला तेव्हा मी सांगितलं, सुट्ट्या लागल्यात, सगळी पुस्तकं पोरांनी नेलीत. तेव्हापासून डबा घेऊन बसतात. रात्री उठून दार उघडून बघतात. कुणीच कसं परत आलं नाही म्हणतात."

वरून आवाज आला, "कोण आहे? पुस्तक आणलं का?"

चाचींनी संतोषकडे पाहिलं. तो वर चढला आणि चपला काढून आत गेला.

मुस्तकीमचे अब्बा, हनीफचाचा, खिडकीशी खुर्चीत बसले होते. मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यावर दोन्ही हात. संतोषच्या हातातलं पुस्तक दिसताच त्यांचा चेहरा असा उजळला की संतोषला उगाच अपराधी वाटलं. त्यांनी पुस्तक घेतलं, कव्हर तळहाताने पुसलं, कोपरे तपासले.

"चांगलं ठेवलंस. वाचलंस ना?"

"हो, चाचा."

"मग सांग. वादळात काय झालं?"

संतोषने तोंड उघडलं. पहिली आवृत्ती, कव्हरचं चित्र कुणी काढलं, दुसऱ्या छपाईत निळा रंग कसा फिका पडला, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. वादळाचं त्याला काही आठवेना. ते त्याने लहानपणी वाचलं असेल किंवा नसेलही.

"सूर्या... जिंकतो," तो म्हणाला.

चाचांनी पुस्तक त्याच्या हातात परत दिलं. "वाचलं नाहीस. नुसता शेवट बघायला आलास. जा, वाचून ये."

अठ्ठेचाळीस वर्षांचा, हाताखाली पन्नास माणसं असलेला संतोष मुकाट्याने जिना उतरला.

त्या संध्याकाळी त्याने पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं आणि वाचायला घेतलं. सुरुवातीला तो पानं चिमटीत धरून उलटत होता. मग त्याला पिशवीचा आणि चिमटीचाही विसर पडला. सूर्याचं गलबत फुटत होतं. त्याचा सोबती दुलबा दोराच्या टोकाला समुद्रात लोंबकळत होता. सूर्याच्या एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात दोर, आणि दोन्ही धरून ठेवणं शक्य नव्हतं. सूर्याने डोळे मिटले. संतोषने पान उलटलं आणि पुढे कागदाची बोटभर पट्टी होती.

तो उठून गॅलरीत गेला, परत आला. जेवताना आमटीत मीठ नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने ग्रुपवर विचारलं, 'वादळाच्या अंकाचा शेवट काय आहे? दुलबा वाचतो का?' मग पुण्याच्या बर्वेंचा मेसेज आला, 'गोष्टीचं काय घेऊन बसलात राव? कंडिशन सांगा. पिना गंजल्यात का?'

संतोषने फोन उपडा ठेवला. आपणही कालपर्यंत असंच बोलत होतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून राग जास्तच आला. शेवटी दुसरं पुस्तक काढलं, तेही वाचलं. तेही तसंच ऐन वेळेला तुटलं. मग तिसरं. प्रत्येक पुस्तकात कुणीतरी कड्याच्या टोकाशी, पेटीच्या झाकणाशी नाहीतर बंद दारापाशी थांबलेलं, आणि पुढे पट्टी. आठवडाभर त्याला धड झोप लागली नाही. कंपनीत एका जॉबचं ड्रॉइंग त्याने उलटं धरलं आणि पोरांनी ते पाहिलं.

शनिवारी मुस्तकीम त्याच्या टेबलाशी आला. "साहेब, अम्मी बोलली मला. एवढं काय त्यात? दुपारी अब्बा झोपतात. मी डबा काढून देतो, तुम्ही उद्या पुण्याला जा. त्यांना दुसरा डबा देऊ, कोरे कागद भरून. त्यांना काय कळतंय आता."

नाही म्हणायला हवं होतं. संतोष म्हणाला, "किती वाजता येऊ?"

दुपारी गल्ली सामसूम होती. मुस्तकीमने डबा पिशवीत घालून जिन्यातच त्याच्या हाती दिला. संतोषला घरापर्यंत धीर निघाला नाही. मोटरसायकलच्या सीटवर डबा ठेवून त्याने झाकण उघडलं.

पानं एकावर एक लावलेली होती, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने अंकाचा क्रमांक. पुस्तकं इतक्या हातांतून जाऊनही धड राहिली होती, पण ही पानं फडक्यासारखी मऊ पडली होती. उजवा खालचा कोपरा प्रत्येक पानावर काळपट झालेला, जिथे भद्रकालीतल्या पोरांनी अंगठा ठेवून घाईघाईने शेवट वाचला होता. बर्वे या पानांना काय म्हणतील ते संतोषला माहीत होतं. त्याने वादळाच्या अंकाचं पान शोधलं, बाहेर काढलं.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"माजिदा, डबा कुठाय? पोरं यायची वेळ झाली."

"आहे इथंच. झोपा तुम्ही." चाचींचा आवाज.

"इथं नाही. हा हलका आहे. माजिदा, यात काही नाही."

संतोषच्या हातात पान होतं. ते नुसतं वळवायचं होतं. खुर्ची पुन्हा सरकली, भांडं पडलं, चाची काहीतरी समजावत होत्या आणि म्हाताऱ्याचा आवाज वरचेवर बारीक होत होता. संतोषने पान न बघता उपडं डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि जिना चढला. दारात मुस्तकीम उभा होता. त्याने हात आडवा धरला, मग बाजूला घेतला.

"खाली पडला होता, चाचा," संतोष म्हणाला आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

हनीफचाचांनी झाकण उघडून पाहिलं. "जपायला हवं बेटा," ते म्हणाले. "सगळी पुस्तकं बाहेर आहेत. हा गेला तर पोरं कशाला परत येतील?"

रविवारी सकाळी संतोषने ट्रंक रिक्षात चढवली. वेदिका गॅलरीतून बघत होती.

"पुण्याला ना?" तिने वरून विचारलं.

"आधी भद्रकाली," तो म्हणाला. एवढ्या वर्षांचा शोध आणि महिनाही हातात राहिला नाही. वाटेत दोनदा त्याच्या मनात आलं की रिक्षा वळवावी. पण म्हाताऱ्याचा तो बारीक झालेला आवाज काही डोक्यातून जाईना.

माजिदाचाची दुधाच्या पिशव्या घेऊन गल्लीतून येत होत्या. रिक्षातली ट्रंक त्यांनी ओळखली आणि त्या थबकल्या.

"हे काय, भाऊ?"

"परत आणली, चाची. सगळी. चाचांना दाखवा. निदान झोप तरी लागेल त्यांना."

चाचींनी ट्रंकेच्या कडीला हात लावला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण बोलल्या त्या अगदी हिशेबी आवाजात.

"आज लागेल. आणि उद्या?"

संतोषला कळलं नाही.

"सगळी पुस्तकं आली की डबा बंद, भाऊ. मग सकाळी उठून ते कुणाची वाट बघणार? ती खुर्चीसुद्धा सोडतील आणि अंथरूण धरतील मग." त्यांनी ट्रंक रिक्षात आत ढकलली. "एक वर न्या. बाकीची घरी न्या. पुढच्या आठवड्यात दुसरं आणा, हे परत न्या. अंबडचा पत्ता मुस्तकीम देईल."

"पण चाची..."

"वाचून आणा हं," त्या म्हणाल्या. "विचारतात ते."

संतोषने वादळाचा अंक काढला. वर हनीफचाचा खिडकीशीच होते. त्यांनी पुस्तक घेतलं, कव्हर पुसलं, कोपरे तपासले.

"वाचलंस?"

"वाचलं."

"सांग."

संतोष सांगू लागला. गलबत कसं कलंडलं, शीड कसं फाटलं, सुकाणू कुठल्या हातात आणि दोर कुठल्या. सांगता सांगता त्याने दोन्ही हात ताणले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मुस्तकीमला हसू आवरेना. चाचा डोळे मिटून ऐकत होते. त्याचं झाल्यावर त्यांनी डबा उघडला, पान काढलं आणि दिलं.

"उभ्यानेच वाच. नियम आहे."

त्याने अंगठा काळपट कोपऱ्यावर ठेवला. तो तिथे नेमका बसला. दुलबा किनाऱ्यावर वाळूत बसून सदरा पिळत होता, आणि सूर्या धापा टाकत येताना दिसताच म्हणत होता, 'किती उशीर केलास.' एवढंच. संतोषने ते दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा, आणि पान परत देताना त्याला ते सोडवेना. चाचांनी ते हळूच ओढून घेतलं. पुस्तक त्यांनी शेजारच्या रिकाम्या फळीवर उभं ठेवलं.

"माजिदा," त्यांनी आत वळून सांगितलं, "एक आलं. बाकीचीही येतील."

खाली रिक्षावाला कंटाळला होता. "आता सीबीएस स्टँड ना, साहेब? पुण्याची गाडी?"

"सातपूर. घरी," संतोष म्हणाला आणि ट्रंकेवर हात टेकून बसला. खिशात फोन वाजत होता. बर्वेंचे मेसेज एकाखाली एक आले होते. 'निघालात का? सगळे थांबलेत. संच संपूर्ण आहे ना नक्की?'

रिक्षा वळेपर्यंत तो खिडकीकडे बघत राहिला. मग त्याने लिहिलं, 'नाही. एक पुस्तक बाहेर आहे.'