गुळाचा हात

हडपसरच्या त्या मंगल कार्यालयाच्या दारात सकाळी नऊलाच चपलांना जागा उरली नव्हती. आत लग्न नव्हतं, मधुनाथ महाराज होते. ते मधुमेह उतरवतात, आणि तोही गूळ खायला घालून. रक्तातल्या साखरेचा आकडा म्हणे डोळ्यांदेखत खाली येतो. मी तीस वर्षं सदाशिव पेठेतल्या लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासली. असा आज्ञाधारक आकडा मला काही भेटला नाही.

मी आले होते बायडाबाईंसाठी. त्या माझ्याकडे पोळ्या करतात. त्यांचे यजमान बजरंग मार्केट यार्डात हमाल. महिन्यापूर्वी पायावर गुळाची ढेप पडली, अंगठ्याला जखम झाली, ती भरायचं नाव घेईना. त्यात महाराजांच्या सांगण्यावरून गोळ्या बंद, रोज प्रसादाचा गूळ सुरू.

"चारशेचं दोनशे व्हतंय ताई," बायडाबाई म्हणाल्या होत्या. "मिशिन खोटं कशाला बोलंल?"

"साखर शत्रू नाही, बाळांनो. ती रुसली आहे, तिला गोंजारा," महाराज माइकवर सांगत होते. "डॉक्टर सुया टोचून घाबरवतात." हे ऐकता ऐकताच त्यांचा शिष्य लोकांना सुया टोचत होता.

पद्धत ठरलेली. गुळाचा खडा मुठीत धरून जप करायचा, खडा खायचा, शिष्य बोट टोचणार, आकडा ओरडून सांगणार. मग तांब्यातल्या तीर्थानं हात धुवायचे, पुसायचे, पुन्हा टोचून घ्यायचं. बजरंगांचे आधी चारशे बारा आले, मग दोनशे अडतीस. लोकांनी हात जोडले. मी मात्र त्यांच्या बोटांकडे बघत होते.

मीही रांगेत उभी राहिले. खडा उजव्या मुठीत चांगला मळला, खाल्ला मात्र नाही. यंत्र म्हणालं, तीनशे सेहेचाळीस.

"फार जुना आजार," महाराज हळहळले.

"मला मधुमेह नाही. आता डाव्या हाताचं बोट टोचा, त्याला गूळ लागलेला नाही."

शिष्य महाराजांकडे बघू लागला. लोक मागून म्हणाले, "टोच की रं." आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"डाव्या हाताला जप लागत नाही," महाराज म्हणाले.

"बरं. बायडाबाई, नळाचं पाणी आणा."

त्यांनी आणलं. मी उजवा हात धुतला, कोरडा केला. सत्त्याण्णव आले. ना तीर्थ, ना मंत्र.

"बोटावरचा गूळ रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि यंत्र तोही मोजतं," मी सांगितलं. "तीर्थानं फक्त बोट धुतलं जातं."

बजरंग पुढे आले. "म्हंजे माजी साखर उतरलीच न्हाई?"

"नाही. वरचे पावणेदोनशे गुळाचे. दोनशे अडतीस तुमचे, आणि ते खूप आहेत. साखर अशी चढलेली राहिली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. जखमेत शिरलेले जंतू गिळून टाकायचं त्यांचं काम. त्या उशिरा पोचतात, पोचल्या तरी काम अर्धवट करतात. म्हणून तुमचा अंगठा भरत नाही, आणि तुम्ही वरून गूळ खाताय."

बायडाबाईंनी तिथंच खाली बसून पट्टी सोडली. वास आला तशी रांग आपोआप मागे सरली. अंगठा काळा पडला होता. मला महाराजांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, की मी महिनाभर नुसती ऐकत बसले.

दुपारीच बजरंगांना दवाखान्यात नेलं. अंगठा काढावा लागला, पाऊल वाचलं. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर तेही गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

महाराजांनी मुक्काम हलवला. दोन महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा मंडप उभा राहिला. त्या दिवशी पोळ्यांना सुट्टी होती. मी बघायला गेले, तर मंडपाच्या दारात बजरंग लंगडत उभे, समोर पाण्याचं पिंप, बाजूला बायडाबाई कोरडे पंचे घेऊन.

"आत जावा, माजं काय म्हननं न्हाई," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. "फकस्त गूळ घिऊ नका हातात, आन् हात हितंच धुवून, पुसून जावा. मग बघा आकडा."

त्या दिवशी आत एकाचाही आकडा उतरला नाही.