रुमालाखालचं मत

विंचूरच्या अलीकडच्या त्या गावात तेजस्विनी दोन दिवस सर्व्हे करत होती आणि दोन्ही दिवस तिला एकच उत्तर मिळत होतं. कांदा. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती. नाशकातल्या तिच्या अभ्यास केंद्राने मतदारांसाठी एक पुस्तिका काढायची ठरवली होती. लोकांना कोणते प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात, त्यांवर अर्थशास्त्र काय सांगतं, कशाने कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा, हे सोप्या मराठीत द्यायचं. रविवारी शहरात उमेदवारांशी जाहीर चर्चा होती. पुस्तिकेत जे येणार, तेच त्यांना विचारलं जाणार.

आता कांदा हा प्रश्न नाही असं कोण म्हणेल? निर्यात बंद केली की पिकवणारा ओरडतो, उघडली की शहरातली गिऱ्हाइकं ओरडतात. पण शंभर माणसांना एकच प्रश्न पडतो, हे काही तेजस्विनीला पटेना. सर्व्हे व्हायचा गावातल्या वडीलधाऱ्या मल्हारी आप्पांच्या ओट्यावर. गावात माणूस एकटा उत्तर देतच नाही. एकाला विचारलं की आजूबाजूचे सातआठ जण माना डोलावतात, आणि आप्पा त्यावर शिक्कामोर्तब करतात.

"लिही, कांदा," आप्पा म्हणायचे. "या गावात दुसरं काय विचारायचं हाय?"

त्यांच्या बायकोला, चंद्रभागाबाईंना तिने वेगळं गाठलं, तर त्यांनी आधी विचारलं, "ह्यांनी काय सांगितलं?"

"कांदा."

"मग माझा बी कांदाच."

आणि हे सांगताना त्यांची नजर मात्र गुडघ्यांना बांधलेल्या पट्ट्यांवर होती. तेजस्विनीला हसूही आलं आणि रागही आला. राग त्यांचा नाही, स्वतःचा. चारचौघांत कोणी मनातलं बोलतं का, एवढं तरी तिला कळायला हवं होतं. ती काही पुण्यामुंबईची नव्हती. तिचे वडील पुंजा हे सटाण्याकडच्या बैलबाजारात अजूनही दलाली करत होते. ही गोष्ट तिने केंद्रात कोणाला सांगितली नव्हती. कोणी विचारलं तर "वडिलांचा व्यवसाय आहे" म्हणून ती मोकळी व्हायची. पण लहानपणी तिने डोळे भरून पाहिलं होतं की भर बाजारात, शेकडो माणसांच्या गर्दीत, दोन माणसं रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात आणि सौदा होतो. शेजारी उभ्या असलेल्याला काही म्हणजे काही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी ती मोठा रुमाल घेऊनच आली. एक बोट म्हणजे कांद्याची निर्यात, दोन म्हणजे खत आणि डिझेलचे भाव, तीन म्हणजे पोरापोरींच्या नोकऱ्या, चार म्हणजे दवाखान्याचा खर्च, पाचही बोटं म्हणजे रेशन. तोंडाने काही बोलायचं नाही, तिची तेवढी बोटं धरायची.

ओट्यावर एकच हशा पिकला. "बाईमाणसाबरोबर रुमालाखाली?" कोणीतरी कुरकुरलं. पण बैलबाजार म्हटल्यावर आप्पांच्या अंगात वारं शिरलं. "लेकीवानी हाय ती," म्हणत त्यांनी बाही सारली आणि पहिला हात त्यांनीच घातला.

आप्पांनी तिची तीन बोटं धरली. तेजस्विनीला आनंदाचं भरतं आलं. कांदा नव्हे, नोकऱ्या! उत्तर पुन्हा तपासून घ्यायचं, असं तिला केंद्रात शिकवलं होतं. म्हणून तिने आप्पांची तीन बोटं धरून विचारल्यासारखी दाबली. आप्पांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि तिची दोन बोटं धरली. तिने गोंधळून दोन दाबली. आप्पा एकावर आले.

"अगं, तू बी थोडी सरक की," ते वैतागून म्हणाले. "मी एकटाच खाली येतोय. आता एका बोटाच्या खाली नाय येणार."

झालं! आप्पा सौदा करत होते. बाजारात पहिल्याच बोटाला कोणी हो म्हणत नाही, आणि समोरच्याने बोटं दाबली की तो घासाघीस करतोय असंच धरतात. पुढचे चारपाच म्हातारेही असेच घसरत घसरत एका बोटावर, म्हणजे कांद्यावर येऊन थांबले. तेजस्विनीने कपाळाला हात लावला. दलालाची लेक असून आपण हे विसरावं, याची तिला भयंकर लाज वाटली.

मग तिला वडिलांची शेवटची खूण आठवली. सौदा पटला की ते समोरच्याच्या हातावर खणखणीत टाळी द्यायचे, की विषय संपला. तिने सगळ्यांना पुन्हा बसवलं. बोटं एकदाच धरायची, लगेच टाळी, आणि टाळीनंतर बदल नाही. हा कायदा ओट्यावर कोणाला समजावून सांगावा लागला नाही. दुपारी बायकांचीही रांग लागली. त्यांनी आयुष्यात रुमालाखाली हात घातला नव्हता, त्यामुळे घासाघीस त्यांच्या गावीही नव्हती. चंद्रभागाबाईंनी चार बोटं अशी घट्ट धरली, की तेजस्विनीची अंगठी रुतली.

कांदा तिसऱ्या क्रमांकावर गेला होता. वर होता दवाखाना, त्याखाली नोकऱ्या.

दुसऱ्या दिवशी नाशकात गंगापूर रोडच्या केंद्रात सोमनाथ सरांनी तिचा निष्कर्ष वाचला आणि चष्मा काढून ठेवला. सर केंद्राचे प्रमुख. कांद्याच्या निर्यात धोरणावर त्यांची उभी हयात गेलेली. संगणकावर पानं लावणारा ललित शेजारीच बसला होता. पुस्तिका त्याच संध्याकाळी छापायला जाणार होती आणि पहिल्या दोन दिवसांच्या उत्तरांवरून तिच्यात फक्त कांदा होता.

"तेजस्विनी, लोकांनी गंमत म्हणून बोटं धरली असतील," सर म्हणाले. "तोंडाने सगळे कांदाच म्हणाले ना? हा काही बैलबाजार नाही."

"बैलबाजारच आहे, सर. माझे वडील तिथेच दलाल आहेत," ती म्हणून गेली, आणि म्हटल्यावर तिला फार हलकं वाटलं. "आपण फक्त कांदा छापला तर रविवारी दवाखान्याचं कोणी विचारणारच नाही. तुम्ही एकदा हात घालून बघा. मतदार म्हणून."

ललित खुर्ची फिरवून बघू लागला. सर हसले, मान हलवली, आणि तिने टेबलावर पसरलेल्या रुमालाखाली हात घातला. मग सरांनी तिची चार बोटं धरली. धरली ती सोडेचनात. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. सरांच्या घरी कोण आजारी आहे, हे केंद्रात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तेजस्विनीनेही विचारलं नाही. तिला एकदम त्यांच्याबद्दल माया दाटून आली. तिने हलकेच टाळी दिली.

सरांनी हात बाहेर काढून चष्मा पुसला.

"ललित, पुस्तिका थांबव. दवाखान्याचं प्रकरण पहिलं घे, मग नोकऱ्या, मग कांदा. तेजस्विनी रात्रीपर्यंत मजकूर देईल."

"बरं सर," ललित म्हणाला. त्याला राहवेना. "पण सर, तुम्ही कशाची बोटं धरलीत?"

"कांदा," सर म्हणाले. "दुसरं काय असणार?"