प्रेमलाचं औषध

चुगली शकूनेच केली होती. धाकटी जाऊ प्रेमला रोज आंघोळीनंतर दंडाला कसलंसं जेल चोळते, झोपताना गोळी घेते, पाळी जाताना होणाऱ्या त्रासावरचं ते हार्मोनचं औषध आहे, असं तिने दिराच्या, प्रेमलाचा नवरा मच्छिंद्रच्या कानावर घातलं. वर म्हणाली, "कॅन्सर होतो म्हनं त्यानं. ध्यान ठेव."

मच्छिंद्रने ध्यान ठेवलं ते असं: दुपारी भरल्या ताटावरून उठला, कपाट उपसलं, ट्यूब शोधली आणि प्रेमलाच्या तोंडात कोंबली.

"खा! पन्नाशीला आलीस अन् तरणं व्हायचंय? कुणासाठी गं?"

ट्यूबच्या कडेने तिचा ओठ फाटला. तिने तोंड फिरवलं, तसे त्याने केस धरले आणि डोकं ओट्यावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा.

"मच्छिंदर, सोड तिला," शकू दारातून म्हणाली.

"तूच सांगितलंस ना, वहिनी? मग गप बघ!"

प्रेमलाने रक्ताळल्या तोंडाने जावेकडे पाहिलं. ती नजर शकूला सोसवेना.

वीस वर्षांपूर्वी खराडीत अजून या घराची शेतं होती, तेव्हा पाळी जाताना शकूचंही अंग पेटायचं. ती भर दुपारी लुगडं फेडून मोरीत बसायची, उगाच रडायची. नवऱ्याने, आता वारलेल्या गेनबाने, देवऋषी आणला. मिरच्यांची धुरी दिली, चिंचेच्या ओल्या फोकेने पाठ फोडली. एक दात तुटला. तिला हलता येऊ नये म्हणून पाय धरून बसला होता तो हाच मच्छिंद्र. त्यानंतर सात वर्षं शकू मुकाट्याने जळली. प्रेमलाही दोन वर्षं तशीच जळत होती. जेल सुरू झालं आणि तीन महिन्यांत ती झोपू लागली, हसू लागली. ते हसणंच शकूला खुपलं होतं. कॅन्सर हे निमित्त. आपण सोसलं, मग हिने का सोसू नये?

मच्छिंद्रने तिसऱ्यांदा डोकं मागे ओढलं, तेव्हा शकूने खलातला लोखंडी बत्ता उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो गुरासारखा ओरडला, वळला आणि त्याने लाथ घातली. शकू गॅसच्या टाकीवर आदळली. पडल्या पडल्याच तिने दुसरा घाव त्याच्या गुडघ्यावर घातला.

"माझं पाय धरलं होतंस तू!"

मच्छिंद्र भिंतीला टेकून खाली बसला आणि मनगट छातीशी धरून रडू लागला. त्याला तिथेच सोडून दोघी रिक्षाने चौकीवर गेल्या. प्रेमलाने तक्रार लिहून दिली. ओठाला चार टाके पडले.

चार दिवसांनी सदाशिव पेठेत प्रेमलाच्या डॉक्टर पद्मजाबाईंकडे शकू तिच्याबरोबर गेली.

"खरं सांगा. कॅन्सर होतो का?"

"धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. हिच्या तपासण्या चांगल्या आहेत, डोस कमी आहे, दरवर्षी पाहते. जीव नकोसा होईपर्यंत जळत राहायचं, यालाही औषध म्हणत नाहीत."

"मला मिळंल?"

"वय काय आपलं?"

"सहासष्ट."

"या वयात नव्याने सुरू करत नाही आम्ही. तेव्हा यायला हवं होतंत."

"तेव्हा मला फोक मिळाली," शकू म्हणाली आणि नवी ट्यूब घ्यायला खाली दुकानात उतरली.

प्रेमला वरच्या मजल्यावर शकूच्याच फ्लॅटमध्ये राहायला आली. मच्छिंद्र प्लास्टरमधला हात घेऊन दोनदा जिन्यापर्यंत आला. दोन्ही वेळा शकू दारात उभी राहिली, तो परत गेला. प्रेमला मात्र महिनाभर तिच्याशी बोलली नाही. ताट वाढलं की जेवायची आणि पाठ करून झोपायची.

मग एका सकाळी टाके पडलेला ओठ हलला.

"जाऊबाई, चहात साखर कमी हाय."

शकूने डबा पुढे सरकवला.