ताशी शंभर किलोच्या खाली

गॅसवाल्याने पाइपच्या सांध्यावर साबणाचा फेस फासला, उकिडवा बसून तो मिनिटभर त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बुडबुडा नाय. ओके आहे."

अक्षदाच्या एका कानात हेडफोन होता. तिने नुसती मान हलवली.

"वास आला तर आधी खिडकी, मग नळ. बटणाला हात लावायचा नाय, बेलला पण नाय. या गॅसला स्वतःचा वास नसतो मॅडम, वरून घालतात."

"माहितीये हो. माझं कामच मिथेनचं आहे."

"असं होय?" तो हसला आणि पिशवीची चेन ओढत उठला. "मग शेजारच्या आंटींकडे जरा लक्ष ठेवा. मघाशी त्यांच्याकडे गेलो तर वासाचं त्यांना..."

"कॉल चालू आहे माझा. सांगते त्यांना, काय असेल ते," असं म्हणत तिने दार लावून घेतलं. कॉल संपला तोवर गॅसवाला डोक्यातून गेला होता.

ही मार्चमधली गोष्ट.

पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून अक्षदा जग बघत असे. उपग्रहाच्या चित्रात दिसणारा मिथेनचा लोट खरा, की उन्हात तापलेल्या खडकाचा भास, हे तिने ठरवायचं. आणि महिन्यातून एकदा संस्थेच्या मराठी पत्रकात शाळांतल्या शिक्षकांना कळेल अशा भाषेत ते मांडायचं. कॅस्पियन समुद्राकाठच्या वाळवंटात एखादा लोट शेपटीसारखा लांबलेला दिसे. चीनच्या कोळसाखाणींवर ठिपक्यांची दाटी. दक्षिण सुदानच्या दलदलीत पाणी चढलं की तिथला रंग गडद होई. बंगालची भातखाचरं, ब्राझीलची गुरं, शहराशहरांतले कचऱ्याचे डोंगर. युरोपचा आकडा तेवढा हळूहळू उतरत होता. हे सगळं असंच का, या प्रश्नाचा तिला कधी कंटाळा येत नसे.

काळजीचाही येत नसे. घरातल्या प्रत्येक प्लगला तिने प्लास्टिकची बुचं बसवली होती. बाहेर पडताना ती शेगडीची बटणं दोनदा बघायची आणि जिन्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा.

"तुर्कमेनिस्तानात कोणी गॅस सोडला तरी हिची झोप उडते," असं तिचा नवरा स्वप्नील पाहुण्यांना सांगायचा.

रोज साडेआठच्या सुमारास शेजारच्या कार्मेन आंटी दार वाजवत. सत्तरी उलटलेली, शाळेतून निवृत्त झालेली, एकटी बाई. हातात नेहमी काहीतरी झाकलेलं असे. दूध, सिटीलाइट मार्केटातून आणलेल्या पापलेटाची तुकडी, कालची उरलेली डाळ.

"बघ गो, कसा वास येतो?"

"मस्त, आंटी." अक्षदाची नजर स्क्रीनवरून हलत नसे. म्हाताऱ्या माणसाला कौतुक हवं असतं, तिला वाटे. दोन शब्दांनी काय जातंय?

मे महिन्यात आंटींनी बॉटल मसाला करून काळ्या बाटल्यांत ठासून भरला. दरवर्षीसारखी एक बाटली अक्षदाच्या घरी आली. या खेपेस तो कडवट लागला, मिरच्या जास्त भाजल्या गेल्यासारखा. "मस्त झालाय," अक्षदाने सांगितलं आणि बाटली मागच्या फळीवर सरकवली.

एकदा आंटी स्क्रीनसमोर थबकल्या. अक्षदाची पाच वर्षांची लेक पूर्वी त्यांना नकाशा समजावून देऊ लागली.

"इथे गाई आहेत. त्या गॅस सोडतात."

"पादतात?" आंटींनी गंभीरपणे विचारलं.

पूर्वी खिदळली. "नाही! ढेकर देतात. हो ना आई?"

"ढेकर. तिच्यावर पण टॅक्स लावतील तुझ्या आईचे लोक." मग चष्मा वर करून त्या नकाशावर वाकल्या. "आणि आमच्या गल्लीचा ठिपका कुठाय?"

"आपण एवढे मोठे नाही, आंटी. ताशी शंभर किलोच्या खालचं वरून दिसतच नाही."

"मग बारीक गळती कोण बघणार?"

"ती... ज्याची त्याने."

आंटींनी "हं" केलं आणि वाटी घेऊन त्या गेल्या.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी आंटी बोंबलाचं कालवण घेऊन आल्या. झाकण उघडताच पूर्वीने नाक चिमटीत धरलं.

"ई! सडका वास येतोय!"

"पूर्वी! असं बोलतात?" अक्षदाचा चेहरा लाल झाला. "काही नाही हो आंटी, नाटकं आहेत तिची. घमघमाट सुटलाय नुसता."

आंटींनी पूर्वीकडे पाहिलं, मग अक्षदाकडे. मग सावकाश झाकण लावलं.

मंगळवारी त्या आल्या नाहीत. बुधवारीही नाही. दुखावल्या असतील, अक्षदाच्या मनात आलं. उद्या काहीतरी गोड घेऊन जाऊ.

गुरुवारी संध्याकाळी पत्रक पूर्ण करायचं होतं. पूर्वी जमिनीवर बसून गाई रंगवत होती. अक्षदाने टाइप केलं, "मिथेनला वास नसतो. घरी येणाऱ्या गॅसमध्ये तो मुद्दाम मिसळतात, म्हणजे गळती नाकाला कळते." पूर्णविराम दिला. पुढचं वाक्य तयार होतं, पण बोटं कीबोर्डवरच राहिली.

आंटी कधीच चव विचारत नव्हत्या. रोज वासच विचारायच्या. मीठ बरोबर आहे का, तिखट झालंय का, असं एकदाही नाही. आणि मार्चमध्ये दारात उभा राहून तो माणूस काय सांगत होता? "वासाचं त्यांना..."

"पूर्वी, तू इथेच बस. दाराबाहेर यायचं नाही."

बाहेरच्या पॅसेजमध्ये आधी काही जाणवलं नाही. तिने शेजारच्या दाराच्या फटीशी नाक नेलं. बोट बेलकडे गेलं आणि तिथून झटक्याने मागे आलं. तिने तळहाताने दार बडवलं.

"आंटी! आंटी, दार उघडा!"

आतून चपलांचा आवाज सावकाश जवळ आला. चर्चची संध्याकाळची घंटा सुरू झाली होती. दार उघडलं तसा वास अंगावरच आला. आंटींच्या मागे भिंतीवर मदर मेरीचं छोटं देवघर होतं, पुढ्यात न पेटवलेली मेणबत्ती. आंटींच्या डाव्या हातात आगपेटी होती.

"काय गो, आग लागली काय? थांब, काळोख आहे, लाइट लावते..."

"नको!" अक्षदाने त्यांचा बटणाकडे गेलेला हात धरला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आंटी, आगपेटी द्या मला."

तिने ती घेतली, आंटींना जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि श्वास रोखून आत गेली. आधी खिडकी, मग नळ. शेगडीवर दूध उतू जाऊन वाळलं होतं. त्याने आच विझवली होती, बटण मात्र चालूच होतं.

बाहेर आल्यावर तिच्या मुठीतली आगपेटी चेपली होती. दोघी पायरीवर शेजारी बसल्या.

"कधीपासून?"

"त्या कोविडच्या तापापासून. मध्ये थोडा थोडा यायचा. या वर्षी गेलाच." आंटींनी झग्याची कड गुडघ्यावर नीट केली. "लॅन्सला सांगू नको. नाक गेलं म्हटलं की पोरगा मला टोरंटोला नेऊन बसवेल. तिथल्या थंडीत नाक असून काय, नसून काय!"

"आणि मला? मला तरी सांगायचं होतं ना, आंटी."

आंटींनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, शाळेत धडा पुन्हा विचारावा तसं.

"रोज तर तुझ्या दारात येऊन विचारत होते गो. तू मस्त म्हणायचीस."

दाराच्या उंबऱ्याशी पूर्वी उभी होती, हातात गाईचं चित्र घेऊन. बाहेर यायचं नाही म्हणून अंगठे बरोबर उंबऱ्याच्या आत ठेवून.

"आई, कसला वास येतोय?"

"गॅसचा," अक्षदा म्हणाली. "बरोबर ओळखलंस."

पत्रक शुक्रवारी गेलं, एक दिवस उशिरा. कॅस्पियन होता, खाणी होत्या, दलदली आणि भातखाचरं होती, युरोपचा उतरता आकडा होता. शेवटी नेहमीची तळटीप होती आणि तिच्याखाली अक्षदाने काही ओळी नव्याने घातल्या. संपादकांनी त्या काढल्या नाहीत.

"ताशी शंभर किलोच्या खालच्या गळत्या या नकाशात नाहीत. त्या आकाशातून दिसत नाहीत. तुमच्या शेजारी कोणी एकटं राहत असेल, तर हे वाचून झाल्यावर त्यांच्याकडे जाऊन या. जाताना लिंबू कापून न्या. कसला वास येतोय, विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांबा."